हात हलतो, पण हाताला कळत नाही

पोस्ट मोठी आहे. घरात किंवा शेजारी कुणाला पॅरालिसिस होऊन गेला असेल तर मात्र वेळ काढून शेवटपर्यंत वाचा.

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझ्या आत्याच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली. नशीब एवढंच की बोलणं शाबूत राहिलं आणि दवाखान्यात वेळेत पोहोचलो. आठ दिवस ॲडमिट, नंतर घरी फिजिओ. संक्रांतीपर्यंत आत्या काठी टेकत मारुतीच्या देवळापर्यंत जायला लागली. डावा हातही वर जायला लागला, मूठ मिटायला लागली. "बरी झाली," असं सगळे म्हणायला लागले. मीही म्हणत होतो.

मग एके दिवशी चहा ठेवताना तिने डाव्या हाताने पातेल्याचा काठ धरला. दारातल्या शेजारणीशी बोलत होती. काठ तापलेला होता, हे तिला हाताने कळलंच नाही. वास आला तेव्हा खाली बघितलं. चार बोटांना फोड.

मी संध्याकाळी गेलो आणि विचारलं, "आत्या, भाजत होतं तर सोडलं का नाहीस?"

ती म्हणाली, "कळलं आस्तं तर धरून ठिवलं आस्तं का रं? हात हाय, हलतोय बी. पर माझा नसल्यागत वाटतोय."

त्या रात्री मी तिची दवाखान्याची फाईल काढून बसलो. सीटी स्कॅन, बीपी, शुगर, गोळ्यांची यादी, किती पावलं चालली, हात किती वर जातो, सगळं लिहिलेलं. डाव्या हाताला स्पर्श कळतो का, गरम-गार कळतं का, डोळे मिटून हातातली वस्तू ओळखता येते का, याबद्दल एक ओळ नाही. दवाखान्याचं नाव इथे घेत नाही. नंतर ओळखीच्या चार-पाच घरांतल्या फायली बघितल्या, त्या वेगवेगळ्या दवाखान्यांच्या होत्या आणि सगळीकडे हीच तऱ्हा. एका दवाखान्याला धरून उपयोग नाही.

मग एका थेरपिस्ट मॅडमना भेटलो. वयाने लहान, पण कामात पक्क्या. त्यांनी सरळ सांगितलं, "सर, संवेदनेवरची थेरपी असते. मी शिकलेय. पण ती करायला जे लागतं, ते माझ्याकडे नाही."

"जे लागतं" म्हणजे काय, याचा शोध घेता घेता मी दोनशे वर्षं मागे गेलो. आज तेच सांगायचं आहे. हा विषय नवा नाही, परदेशातला म्हणून परका नाही, आणि यात आपल्या भागातलं एक ओळखीचं नावही येतं.

स्पर्श मोजता येतो, हे कधी कळलं?

1834 साली एर्न्स्ट वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने स्पर्शावर एक ग्रंथ लिहिला. कंपासची दोन टोकं कातडीवर टेकवायची आणि विचारायचं, एक टोक लागतंय की दोन? बोटाच्या टोकावर दोन टोकं अगदी जवळ असली तरी वेगळी कळतात. पाठीवर बरीच लांब नेली तरी एकच वाटतात. घरी करून बघा, कंपासपेटी लागते फक्त. म्हणजे स्पर्श ही "वाटतं, नाही वाटत" एवढी मोघम गोष्ट राहिली नाही. ती मोजता येते, आज किती आणि महिन्याने किती हे लिहून ठेवता येतं.

पुढे 1895 मध्ये इंग्लंडमध्ये मॉट आणि शेरिंग्टन यांनी माकडांवर एक प्रयोग केला. आज तो वाचताना अंगावर काटा येतो. हाताकडून मज्जारज्जूकडे संवेदना नेणाऱ्या नसांची मुळं त्यांनी कापली. हात हलवणाऱ्या नसा तशाच ठेवल्या. म्हणजे हाताची ताकद शाबूत, फक्त हाताकडून येणारी बातमी बंद. माकडांनी तो हात वापरणंच सोडून दिलं.

इथे दोन मिनिटं थांबा. सव्वाशे वर्षांपूर्वी हे कळलेलं होतं की हाताला कळत नसेल तर हलणारा हातसुद्धा कामातून जातो. आत्या डाव्या हाताने काही धरत नाही, ओट्यावर हात नुसता ठेवून देते, तेव्हा घरचे म्हणतात, "आळस करते, हात वापरत नाही." तो आळस नसतो हो. बातमी न देणाऱ्या माणसाला आपणही हळूहळू विचारायचं बंद करतो, तसं मेंदूचं होतं.

1903 मध्ये हेन्री हेड या ब्रिटिश डॉक्टरने तर स्वतःच्याच डाव्या हाताची नस कापून घेतली. पेशंट नीट सांगू शकत नाहीत, मग आपणच पेशंट होऊ, असा विचार. नंतर चार-एक वर्षं त्यांचे मित्र रिव्हर्स केंब्रिजमध्ये त्यांचा हात तपासत राहिले. कुठे कळतं, कुठे नाही, काय आधी परत येतं, काय उशिरा. एका माणसाच्या एका हातासाठी चार वर्षं. आणि आपल्याकडे अख्ख्या फाईलमध्ये एक ओळ नाही.

गेलेला स्पर्श परत शिकवता येतो का?

मोजता आलं, पण शिकवता येतं का? याचं उत्तर आधी जखमी हातांवर काम करणाऱ्यांनी दिलं. महायुद्धांनी नसा तुटलेले हजारो हात मागे ठेवले होते. इंग्लंडमध्ये वायुदलात डॉक्टर असलेले विन पॅरी हे या कामातलं मोठं नाव. 1970च्या दशकात त्यांनी आणि अमेरिकेत डेलॉन वगैरे सर्जननी दाखवलं की नस जोडल्यावर हाताला "पुन्हा शाळेत" घालावं लागतं. नस वाढते, पण ती जुन्या जागी नेमकी जात नाही. मेंदूला येणारी बातमी गोंधळलेली असते. म्हणून डोळे मिटून वस्तू ओळखायची, चुकलं की डोळे उघडून बघायची, पुन्हा मिटून हाताळायची. परदेशातून आलेल्या माणसाला आपण मराठी शिकवतो तसंच. वस्तू दाखवायची, नाव सांगायचं, पुन्हा विचारायचं.

पॅरालिसिसच्या पेशंटमध्ये नस शाबूत असते, बिघाड मेंदूत असतो. तिथेही असे प्रयत्न जुने आहेत. 1962 मध्ये अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या नियतकालिकात अर्धांगवायूच्या हाताला संवेदना शिकवण्यावर लेख आलेला आहे. म्हणजे तेव्हापासून थेरपिस्ट हे करून बघत होते. पण "आम्ही केलं आणि फरक पडला" एवढ्याने पुरावा होत नाही. पेशंट आपोआप सुधारला असेल, किंवा कुणीतरी लक्ष दिलं म्हणून त्याला बरं वाटलं असेल. त्यासाठी दोन गट करून तुलना करावी लागते.

ती 1993 मध्ये झाली. येकुतिएल आणि गुटमन यांच्या अभ्यासात पॅरालिसिस होऊन दोन वर्षं तरी उलटून गेलेले पेशंट होते. म्हणजे आपल्याकडे ज्यांना "आता काय व्हायचं ते झालं" म्हणून सोडून देतात, ते. वीस जणांना आठवड्यातून तीनदा, पाऊण-पाऊण तास, सहा आठवडे, घरी जाऊन शिकवलं. एकोणीस जणांना ते शिक्षण दिलं नाही. शिकवलेल्यांची संवेदना सुधारली. दोन वर्षांनंतर सुद्धा.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात लीअॅन कॅरी या ऑक्युपेशनल थेरपिस्टने आपल्या सहकाऱ्यांबरोबर असाच अभ्यास छापला आणि पुढे त्या हेच काम करत राहिल्या. 2011 मध्ये त्यांचा पन्नास पेशंटवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला दहा सेशन, प्रत्येक तासाभराचं, पद्धतशीर शिक्षण. त्यात तीन गोष्टी. पहिली, पृष्ठभाग ओळखणं, म्हणजे खरखरीत, गुळगुळीत, त्यातही थोडं जास्त, थोडं कमी. दुसरी, डोळे मिटून हात कुठल्या स्थितीत आहे ते सांगणं. तिसरी, हाताळून वस्तू ओळखणं. सोप्याकडून अवघडाकडे. प्रत्येक वेळी बरोबर की चूक ते लगेच सांगायचं आणि चांगल्या हाताशी तुलना करायला लावायची.

दुसऱ्या गटाला काय दिलं? हाताला तशाच वेगवेगळ्या वस्तूंचा स्पर्श, पण न शिकवता. फरक पडला तो शिकवलेल्या गटात जास्त, आणि सहा महिन्यांनी बघितलं तेव्हाही तो टिकून होता.

ही गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. आपल्या घरांत काय करतात? हात बधिर आहे म्हणून काथ्याने घासतात, तेलाने चोळतात, कुणी सांगितलं म्हणून कबुतराचं रक्तसुद्धा लावतात. क्लिनिकमध्ये गेलं तर शेक आणि करंट. नुसत्या घासण्याने हात शिकत नाही. पोराच्या हातात पुस्तक दिलं आणि शिकवलं नाही, तर त्याला वाचायला येईल का? तसंच हे.

खरं सांगायचं तर पुरावा अजून डोंगराएवढा नाही. 2010 मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारा एक आढावा आला. त्यात तेरा अभ्यास होते आणि निष्कर्ष असा होता की कुठलीही एक पद्धत ठामपणे सुचवण्याइतका पुरावा नाही. अभ्यास छोटे, प्रत्येकाची मोजण्याची रीत वेगळी. त्यानंतर वर सांगितलेला प्रयोग आला, इतरही आले. म्हणजे रस्ता आहे, थोडा कच्चा आहे. पण पॅरालिसिसच्या सुमारे निम्म्या पेशंटना संवेदनेचा काही ना काही त्रास होतो, असं सांगितलं जातं. निम्म्या लोकांच्या त्रासाकडे बघायचंच नाही, असं तर त्या आढाव्यातही म्हटलेलं नाही.

आता आपल्याकडचं

आपल्या भागात "कमला निंबकर" हे नाव शाळेमुळे माहीत आहे. फलटणचं कमला निंबकर बालभवन. पण ज्यांच्या नावाने ही शाळा आहे त्या कोण, हे किती जणांना माहीत आहे? मलाही परवापर्यंत नीट माहीत नव्हतं.

कमलाबाई जन्माने अमेरिकन. लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणला शेती संशोधनाचं मोठं काम उभं करणारे बी. व्ही. निंबकर हे त्यांचे चिरंजीव. वयाच्या चाळिशीनंतर कमलाबाई परत अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकून आल्या आणि 1950 मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये या विषयाचं भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. 1952 मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तिच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला आणि संस्थापक देशांत भारत होता. आपल्या भागातल्या घराशी नातं असलेल्या एका बाईने हा सगळा विषय देशात आणला. आजारी माणसाला नुसतं जगवून उपयोग नाही, त्याला रोजचं काम परत करता आलं पाहिजे, हा त्या विषयाचा गाभा. आत्याला पातेलं उतरवता येणं, हा त्यातलाच भाग.

म्हणजे आपल्याकडे हे शास्त्र उशिरा आलं, असं म्हणायची सोय नाही. पंचाहत्तर वर्षं झाली.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. जगाला बधिर हाताबद्दल सगळ्यात जास्त जिथे शिकायला मिळालं, ती जागा भारतातच आहे.

डॉ. पॉल ब्रँड. जन्म 1914, तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आई-बापाच्या पोटी. इंग्लंडमध्ये सर्जन होऊन 1946 मध्ये वेल्लोरला आले. त्या काळी महारोग्यांची बोटं रोगानेच झडतात, असा समज डॉक्टरांतही होता. ब्रँड यांनी काय केलं? पेशंटना कामाला लावलं आणि प्रत्येक जखमेचा माग काढला. ही कशाने झाली? तापलेलं भांडं धरलं. ही? हत्याराचा दांडा घासत राहिला. रात्रीत झालेली जखम? झोपेत उंदराने कुरतडलं, आणि माणसाला जाग आली नाही. रोग नस मारतो, बोटं मात्र रोजच्या जखमांनी जातात. कारण दुखत नाही, म्हणून माणूस हात मागे घेत नाही.

आत्याच्या पातेल्याची गोष्ट हीच आहे. रोग वेगळा, हात तोच.

पुढे ब्रँड अमेरिकेत गेले. तिथे त्यांनी यंत्राने कृत्रिम वेदना तयार करायचा प्रयत्न केला. हातावर जास्त दाब पडला की इशारा मिळेल असं काहीतरी. तो फसला. पैसा, तंत्र या अडचणी होत्याच, शिवाय माणसं त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायची, नको असेल तेव्हा बंदच करायची.

पण भारतात या सगळ्यातून एक साधी गोष्ट रुजली. राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात हात-पायाची संवेदना तपासायला काय वापरतात माहीत आहे? बॉलपेन. पेशंटने डोळे मिटायचे, कर्मचाऱ्याने तळहातावर ठरलेल्या जागी पेनने हलकं टेकवायचं, कातडीला जरासा खड्डा पडेल एवढंच, आणि पेशंटने ती जागा बोटाने दाखवायची. नाही दाखवता आली तर फॉर्मवर तशी खूण. हात दिसायला ठणठणीत असला तरी संवेदना गेली असेल तर ती पहिल्या दर्जाची विकृती म्हणून नोंदली जाते. दिसणारं व्यंग असेल तर दुसऱ्या दर्जाची. पायाला मऊ रबराची चप्पल मिळते, हाताची काळजी कशी घ्यायची ते शिकवतात. अगदी खेड्यापाड्यात, पाच-दहा रुपयांच्या पेनवर.

भारताने 2005च्या डिसेंबरमध्ये कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून दूर झाल्याचं जाहीर केलं. नवे पेशंट अजूनही सापडतात, आणि त्यांचे हात आजही असे तपासले जातात.

मग माझा प्रश्न असा होता: जे काम प्राथमिक आरोग्य केंद्राचा कर्मचारी पेनने करतो, ते पॅरालिसिसच्या पेशंटसाठी पदवीधर थेरपिस्टकडून का होत नाही?

मॅडमनी सांगितलेल्या अडचणी

हा प्रश्न घेऊन मी पुन्हा त्या थेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते जमेल तसं मांडतो.

"पहिली अडचण वेळ. सकाळपासून दुपारपर्यंत माझ्याकडे वीस-बावीस पेशंट. एकाला पंधरा मिनिटं. संवेदनेची नीट तपासणी करायची तर तीच अर्धा तास खाते, शिकवणं तर पुढेच."

"दुसरी, घरच्यांना काय हवंय. प्रत्येक जण विचारतो, कधी चालणार? हाताला कळतंय का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मीही मग चालण्यावरच जोर देते. पेशंट चालायला लागला की घरचे खूष, आणि येणं बंद."

"तिसरी सांगते, हसू नका. मशीन लावलं तर लोक पैसे देतात. मी पेशंटला डोळे मिटायला सांगून हातात पोतं, साडी, टॉवेल देत बसले तर नातेवाईक म्हणतात, मॅडम, हा खेळ आम्ही घरी पण करू. व्यायाम कधी सुरू करणार? एका तासाच्या नुसत्या शिकवण्याची फी मी कुठल्या तोंडाने मागू?"

"चौथी, शिकलो किती. कॉलेजात परीक्षेपुरतं शिकलो. डोळ्यासमोर कुणी करताना बघितलं नाही. परदेशी चाचण्यांची किट महाग, सूचना इंग्रजीत. मराठीत पेशंटला कसं विचारायचं, हे माझं मीच ठरवते. माझी शेजारची मैत्रीण वेगळं विचारते. मग तिचा आकडा आणि माझा आकडा जुळणार कसा?"

"पाचवी, अंतर. आठवड्यातून तीनदा यायचं म्हणजे पेशंट, सोबत एक माणूस, दोघांचं भाडं, एकाची रोजंदारी बुडाली. दोन आठवडे येतात. तिसऱ्या आठवड्यात ऊसतोड नाहीतर लग्न."

आणि शेवटी त्या म्हणाल्या, "सर, खरं सांगू? मी हे नाही केलं तर मला कुणी विचारत नाही. केलं तरी कुणी विचारत नाही."

हे शेवटचं वाक्य मी डायरीत लिहून घेतलं.

हे दुखणं आपल्यापुरतंच आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियात, जिथे हा सगळा अभ्यास झाला, तिथल्याच थेरपिस्टांची पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. पुरावा एकीकडे आणि रोजचं काम दुसरीकडे, असंच चित्र तिथेही निघालं. वेळ, साधनं, प्रशिक्षण, तक्रारी ओळखीच्याच. मग त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. दवाखान्यांमध्ये जाऊन थेरपिस्टांना हाताला धरून शिकवलं, त्यांच्या अडचणी त्यांच्याच तोंडून ऐकल्या आणि त्या त्या ठिकाणी मार्ग काढायचा प्रयत्न केला. "थेरपिस्ट आळशी आहेत," असं म्हणून विषय संपवला नाही.

रकान्याची गोष्ट

कुष्ठरोगात जमलं आणि पॅरालिसिसमध्ये जमत नाही, याचं माझ्या मते मुख्य कारण एकच आहे. रकाना.

कुष्ठरोगात चट्ट्याला संवेदना नसणं हीच रोगाची खूण. ती तपासल्याशिवाय निदानच पुढे सरकत नाही. शिवाय किती पेशंटना विकृती आली, हा आकडा वर पाठवावा लागतो. त्यावर कार्यक्रमाचं यश मोजतात. फॉर्मवर रकाना आहे, तो रिकामा राहिला तर साहेब विचारतो. म्हणून पेन निघतं.

पॅरालिसिसमध्ये बघा. पेशंट किती सावरला हे मोजायला जगभर 1965 पासून बार्थेल नावाचं मोजमाप वापरतात. त्यात जेवण, अंघोळ, कपडे, चालणं, जिना सगळं आहे. स्पर्श नाही. दवाखान्यात सुरुवातीला जे एक तपासणीपत्रक भरतात त्यात अकरा बाबी आहेत. त्यातली एक संवेदनेची, तीही टोचून बघितलं की संपलं. डोळे मिटून हातातला रुपया ओळखता येतो का, हे त्यात कुठे येत नाही. जे मोजत नाही त्याची फी नाही, जे मागत नाही ते शिकवायचा आग्रह नाही, आणि मग करणारा थेरपिस्ट एकटा पडतो. मॅडमच्या पाचही अडचणी मला याच एका मुळाला लागलेल्या दिसतात.

मी पत्रकार माणूस. तालुक्याची बातमीदारी करताना एवढं शिकलोय की सरकारी कागदावर जे नाही, ते अस्तित्वातच नसतं. रस्ता नकाशात नसेल तर त्याचा खड्डा बुजत नाही. हाताचंही तसंच झालंय.

2021 मध्ये केंद्राने या सगळ्या पूरक आरोग्य व्यवसायांसाठी आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही त्यात आहेत. चांगलं झालं. पण पदवीला मान्यता मिळणं वेगळं आणि त्या पदवीतलं काम करायला तास मिळणं वेगळं.

मग काय करायचं?

मोठ्या मागण्या करायला मोठे लोक आहेत. मी आपल्या आवाक्यातलं सांगतो.

एक. घरी पॅरालिसिसचा पेशंट असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना, थेरपिस्टना एवढंच विचारा: "हाताला स्पर्श, गरम-गार आणि वस्तू ओळखणं तपासलंय का? कागदावर लिहून द्याल का?" दहा घरांनी विचारलं की अकराव्याची तपासणी न विचारता होईल.

दोन. थेरपिस्टने तासभर डोळे मिटून वस्तू ओळखायला लावलं तर तो खेळ समजू नका. त्याची फी द्या आणि त्यांच्याकडून घरी करायचं शिकून घ्या. घरचं माणूस शिकलं तर भाडं वाचतं, रोजंदारी वाचते. पण आधी त्यांच्याकडून शिका, मनाने सुरू करू नका.

तीन. हाताला कळत नसेल तोपर्यंत चूल, गॅस, गरम पाणी, विळी, विळा यांच्याजवळ डोळ्यांनी हाताचं काम करायचं. अंघोळीचं पाणी आधी चांगल्या हाताने बघायचं. रोज रात्री हात बघायचा, कुठे फोड, कुठे ओरखडा. वेल्लोरच्या पेशंटना हीच सवय लावली होती.

चार. आपल्यातले जे लोक आरोग्य समित्यांवर आहेत, रुग्ण कल्याणाच्या बैठकांना बसतात, त्यांनी एक ठराव मांडावा. पॅरालिसिसच्या पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर "हाताची संवेदना" असा एक रकाना. छापायला जादा खर्च शून्य.

आत्याचं विचाराल तर मॅडमनी तिच्यासाठी दुपारची, क्लिनिक बंद असायची वेळ काढली. आठवड्यातून दोनदा. तांदूळ, डाळ, गोधडीचा तुकडा, पोलपाट, रुपयाचं नाणं, चावी. आधी दहातल्या दोन-तीन ओळखायची, आता सहा-सात ओळखते. गरम अजून नीट कळत नाही. मॅडम म्हणतात, किती येईल सांगता येत नाही, पण अजून येतंय.

परवा गेलो तर डोळे मिटून माझाच हात हातात घेतला. बराच वेळ चाचपला. म्हणाली, "पेनाचा घट्टा हाय हितं. लिवतोस अजून का सोडलंस?"

म्हणून लिहिलं.

तुमच्या घरातल्या पेशंटच्या फाईलमध्ये संवेदनेची ओळ आहे का, एकदा बघा आणि खाली सांगा. नाव नको, दवाखाना नको. फक्त "आहे" किंवा "नाही". किती "नाही" जमतात ते मोजून मी तो आकडा बैठकीत ठेवणार आहे.